एकाच मूर्तीचे तीन कागद

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता बाबाजी घरत अकरा वर्षांनी पहिल्यांदा शेजारच्या कारखान्यात शिरला. समोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेला कागद त्याने ओरबाडला आणि एक शब्द न बोलता बाहेर आला.

शेजारचा कारखाना त्याच्या चुलतभावाचा, काळुरामचा. पेणजवळच्या जोह्यात घरागणिक गणपतीचा कारखाना आहे, त्यात नवल काही नाही. या दोघांचे कारखाने एकाच लांब छपराखाली आहेत आणि मध्ये एका विटेची भिंत आहे, एवढंच. आजोबांच्या मागे बाबाजीने शाडू धरून ठेवला, काळुराम प्लास्टरकडे गेला. त्यावरून दोघांनी एकमेकांना गणपती कळतो का, इथपर्यंत सुनावलं आणि मग बोलणंच टाकलं. शहाणी माणसं मातीवरून अकरा वर्षं रुसतात आणि वर त्याला तत्त्व म्हणतात.

त्या कागदावर छापलेला फोटो बाबाजीच्या नव्या मूर्तीचा होता. भाताच्या कणगीला टेकून बसलेला, सोंडेत भाताची लोंबी धरलेला गणपती. बुधवारी पेणच्या प्रदर्शनात ही मूर्ती पहिल्यांदा जगापुढे यायची होती. तोवर ती कारखान्याबाहेर जाऊ नये म्हणून बाबाजी सगळ्यांचे मोबाइल दारातल्या डब्यात ठेवून घ्यायचा. फोटो काढायचा तो फक्त कारखान्याच्या कॅमेऱ्याने, आणि ठेवायचा तो फक्त कारखान्याच्या कंप्युटरवर.

आणि तो कंप्युटर शनिवारी संध्याकाळपासून मुका होता. त्यात नवी सिस्टीम टाकून आणली होती आणि तेव्हापासून इंटरनेट बंद. मेल जाईना, काही म्हणजे काही जाईना. मग फोटो भिंतीपलीकडे गेला कसा?

बाबाजीने स्वतःलाच उत्तर दिलं. तारेने गेला नाही म्हणजे हाताने गेला. कंप्युटरला हात लावणारं माणूस कारखान्यात एकच, पिंकी. वीस कामगारांदेखत त्याने तो कागद तिच्या पायाशी टाकला.

"चारच्या चहापर्यंत कबूल हो. नायतर ब्रश ठेव आणि चालती हो."

२

ब्रश ठेव, हे तो सहज बोलून गेला, पण वार तिथेच बसला.

पिंकी बावीस वर्षांची. बाप वारल्यावर कंप्युटरच्या कामाला म्हणून आली आणि बिलं, ऑर्डरी, फोटो सगळं सांभाळायला लागली. तिचा जीव मात्र दुसरीकडे होता. बाबाजीची आई गिरजाबाई, चौऱ्याहत्तर वर्षांची, मूर्तीचे डोळे काढायची. त्याला आखणी म्हणतात, आणि तो शेवटचा हात. आखणी होईपर्यंत ती माती असते, झाली की तिच्यापुढे मोठ्याने बोलायला माणूस कचरतो. हा हात घराबाहेर कधी गेला नव्हता. बाबाजीचे दोन मुलगे नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करतात, त्यांना नको होता. गेल्या दिवाळीत गिरजाबाईने तो पिंकीला शिकवायला घेतला. भाऊबंदांनी नाकं मुरडली तेव्हा म्हातारी म्हणाली होती, डोळा काढायला हात लागतो, आडनाव नाय लागत.

आता चोर ठरली तर जोह्यातला एकही कारखाना तिच्या हातात ब्रश देणार नव्हता. इथे साठ कारखाने आहेत आणि बातमी पोचायला एक चहा पुरतो.

माणसाला यंत्र कळलं नाही की तो यंत्राशेजारच्या बाईवर आळ घेतो. हे मी जोह्यापुरतं बोलत नाही. मोठमोठ्या काचेच्या ऑफिसांतही हेच चालतं, तिथे फक्त शब्द गुळगुळीत असतात.

पिंकी रडली नाही. डब्यातला मोबाइल काढून तिने रोह्याला हर्षदला फोन लावला. हर्षद बाबाजीचा भाचा, रोह्याजवळ वरशाला त्याचं कंप्युटरचं दुकान. नवी सिस्टीम त्यानेच टाकली होती. रविवारी दोन तास फोनवर तो पिंकीकडून एकेक बटण दाबून घेत होता, बंद कर, चालू कर, काढ, परत टाक, आणि शेवटी त्यानेच हात टेकले होते. आता प्रकरण ऐकून तो घाबरला, कारण फोटो चोरीला गेला म्हटल्यावर दोन दिवस कंप्युटर आपल्या दुकानात होता, हे मामाला आठवायला वेळ लागणार नव्हता.

घाबरल्यावर हर्षदने शाळेत करायचा तेच केलं. मालतीबाईंच्या घरी गेला.

३

मालती आपटे रोह्याला चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. वरशात कुणाचा मिक्सर, कुणाचा मोबाइल, कुणाच्या सुनेचं डोकं, काहीही बिघडलं की लोक बाईंकडे येतात. बाईंनी हर्षदचं ऐकून घेतलं, पर्स उचलली आणि त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून निघाल्या. वाटेत नागोठण्याला वडापाव खाल्ला. हर्षदला घास उतरत नव्हता, तर त्याचाही खाल्ला.

अडीचला त्या जोह्यात उतरल्या. बाबाजीने भाच्याच्या शाळेतल्या बाई म्हणून खुर्ची दिली, पण आवाज चढाच होता. बाईंनी त्याला सांगून टाकलं, की मी कुणाची बाजू घ्यायला आले नाही, एका तासाने मी जे सांगेन ते पटलं तर वीस माणसांदेखत मान्य करायचं. बाबाजी हो म्हणाला. चोर सापडणार म्हणून तो खुशीत होता.

बाईंनी आधी कागद मागितला. उन्हात धरून पाहिला. गणपतीच्या पोटावरून एक बारीक निळी रेघ आडवी गेलेली होती. ती त्यांनी बोटाने पुसून पाहिली, पुसली जाईना. मग विचारलं, की काळुरामकडे हा एकच कागद होता का?

उत्तर दीनानाथने दिलं. दीनानाथ साच्यांवर काम करणारा जुना माणूस, पूर्वी काळुरामकडे होता. कागद पहिल्यांदा त्यानेच पाहिला होता, सामाईक नळावर पाणी भरताना काळुरामच्या उघड्या दारातून, आणि त्यानेच येऊन बाबाजीला सांगितलं होतं. त्याने सांगितलं की एक भिंतीवर होता आणि दोन टेबलावर. तिन्ही सारखे.

"सारखे म्हणजे? तिन्हींवर हाच फोटो?"

"व्हय. हाच. मूर्तीखालचा पाट पण फोटोत कडेला तेवढाच कापलेला."

बाई गालात हसल्या. त्यांनी पर्समधून पोह्याच्या पापडाचं पुडकं काढलं, पेण नाक्यावर घेतलेलं, आणि एक पापड कच्चाच मोडून खायला लागल्या. हर्षदला धीर आला. बाई वर्गात असं खायला लागल्या की गणित सुटत आलेलं असायचं.

"हर्षद, तू सुटलास," त्या म्हणाल्या.

४

बाबाजी उसळला. भाच्याला सोडायची घाई कसली, दोन दिवस मशीन त्याच्याकडे होतं.

बाईंनी कागद त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, की या मूर्तीचे डोळे कधी काढले? गिरजाबाई आतून म्हणाली, रविवारी सकाळी, आंघोळ करून, देवाचं करून. आणि हर्षदने मशीन परत आणलं शनिवारी संध्याकाळी. फोटोतल्या मूर्तीला डोळे आहेत. म्हणजे फोटो निघाला तेव्हा हर्षद वरशाला घरी जेवत होता.

वीस माणसांत कुजबूज झाली. बाबाजीचा चेहरा क्षणभर सैल पडला, भाचा तो शेवटी. मग तो परत पिंकीकडे वळला, कारण आता तर दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

मधेच कुणीतरी दीनानाथचं नाव घेतलं. जुना मालक, नळावर जाणं-येणं, आणि नेमका कागद ह्यालाच कसा दिसला? दीनानाथने खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला. त्यावर फोटो येत नाही आणि कंप्युटर चालू कुठून करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. उलट तोच वैतागून म्हणाला, की शेजारी जाऊन काय सुख लागलंय, शुक्रवारी गटारासाठी मागचा रस्ता जेसीबीने उकरला तेव्हापासून काळुरामशेठ सगळ्यांवर खेकसतोय.

बाईंनी पापड चावायचा थांबवला. "शुक्रवारी?"

"शुक्रवारी."

एवढंच. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. त्या पिंकीजवळ जाऊन बसल्या आणि रविवार सांग म्हणाल्या.

पिंकीने सांगितलं ते असं. गिरजाबाईची एक रीत आहे. डोळे काढून झाले की ती फोटोचा मोठा कागद छापून घेते आणि उलटा धरून बघते. चेहरा उलटा झाला की तो देव राहत नाही, नुसत्या दोन रेघा राहतात आणि एक डोळा जरा वर गेला असेल तर लगेच दिसतो. रविवारीही तिने कागद मागितला. पिंकीने कंप्युटरवर छापायला दिलं. प्रिंटर पुढच्या खोलीत असतो, तिथे जाऊन बघते तर काहीच नाही. परत दिलं, परत नाही. तिसऱ्यांदा दिलं आणि नाद सोडला. म्हातारी त्या दिवशी मूर्तीपुढे मान उलटी करून उभी राहिली.

"हे तू शेठना सांगितलंस?"

"सांगितलं बाई. ते म्हणाले कागद आला नाय तर नाय, चोरीचं बोल."

"तीनदा दिलंस."

"तीनदा."

गर्दीतल्या दोनतीन डोक्यांत काहीतरी हललं असावं, कारण ती एकमेकांकडे वळली. बाई उठल्या. चहाला वीस मिनिटं उरली होती.

५

बाईंनी बाबाजीकडे वायफायचा पासवर्ड मागितला. तो द्यायला त्याने कां-कू केली, मग कानात सांगितला. बाईंनी तो मोठ्याने म्हटला. मोरया१२३. नेटवर्कचं नावही मोरया. वायफायचा डबा पुढच्या खोलीत दाराच्या वर होता. बाईंनी आपला मोबाइल त्याला जोडला आणि आपल्या सिमचं इंटरनेट बंद केलं. मोबाइलवर एक नाच लावला. नाच झकास चालू होता. गिरजाबाईने सांगितलं की तिची मालिकाही याच डब्यावर रोज लागते, काल पण लागली. म्हणजे बाबाजीची लाइन ठणठणीत होती.

मग बाईंनी विचारलं, की कंप्युटर आधीपासून मागच्या खोलीत असायचा का?

नव्हता. तो पुढेच असायचा, डब्याखाली, तारेने जोडलेला. प्रदर्शनाच्या मूर्ती पुढच्या टेबलावर मांडल्या होत्या, म्हणून शनिवारी बाबाजीने तो मागे ठेवायला लावला. हर्षद म्हणाला होता, नवीन सिस्टीम आहे मामा, आता तार कशाला, हवेतून जोडतो. मोरया दिसलं, पासवर्ड घातला, जोडलं गेलं. पुढे चालतंय का ते बघायचं राहिलं, कारण एसटी सुटत होती.

बाईंनी हर्षदकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघायला लागला. मशीन मुकं होतं, ते नव्या सिस्टीममुळे, असं तीन दिवस सगळे म्हणत होते, हर्षदसुद्धा. मशीनची जागा बदलली, तार निघाली, हे कुणी धरलंच नाही.

बाई नाच चालू ठेवून मोबाइल हातात धरून मागे चालायला लागल्या. मागोमाग बाबाजी, हर्षद, पिंकी आणि वीस माणसं, वरातच ती. पहिली खोली, दुसरी खोली, मूर्तींच्या रांगा, मांडणीच्या लोखंडी घोड्या. वायफायच्या काड्या कमी होत गेल्या. तीन, दोन, एक. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि काड्या एकदम चारच्या चार झाल्या. आणि त्याच क्षणी नाच अडकला. नाचणारी पोरगी एक पाय वर धरून उभी राहिली.

"बाबाजी," बाई म्हणाल्या, "दिव्यापासून लांब गेल्यावर उजेड वाढतो का?"

"नाय."

"मग हा दिवा दुसरा आहे."

आणि त्यांनी कंप्युटरमागच्या एका विटेच्या भिंतीवर पापडाच्या पुडक्याने टकटक केलं.

६

केबलवाला शिवा शेजारच्या आळीत खांबावर चढलेला होता, त्याला उतरवून आणलं. बाईंनी एकच प्रश्न विचारला आणि शिवाने अभिमानाने उत्तर दिलं, की जोह्यात लावलेल्या प्रत्येक डब्याचं नाव मोरया आणि प्रत्येकाचा पासवर्ड मोरया१२३. डब्याचं नाव काय ठेवू विचारलं की प्रत्येक मालक तेच सांगतो. आणि दुरुस्तीला गेलं की विचारत बसायला नको. साठ कारखाने, साठ मोरया. काळुरामचाही.

"आणि काळुरामची लाइन शुक्रवारी जेसीबीने तोडली," बाई म्हणाल्या.

बाईंना ते कसं कळलं, याचं शिवाला आश्चर्य वाटलं. मागच्या रस्त्याने काळुरामची लाइन येते, पुढच्याने बाबाजीची. उद्या जोडणार होता.

मग बाईंनी सगळं मांडलं, फळ्यावर मांडावं तसं. मागच्या खोलीत काळुरामचा डबा विटेपलीकडे आणि बाबाजीचा तीन खोल्या लांब. मशीनला दोन्ही सारखेच, नाव एक, पासवर्ड एक. यादीत मोरया एकदाच दिसतो. मशीन जवळच्याला जाऊन मिळालं. डबा जोडला गेला, पण त्या डब्याची बाहेरची लाइन तुटलेली. म्हणून जोडलेलं आहे असं दिसतं आणि इंटरनेट मात्र नाही. पण काळुरामच्या घरातल्या घरात तो डबा चालूच होता. त्याला काळुरामचा प्रिंटर जोडलेला. शिवाने दोघांना प्रिंटर पेणच्या एकाच दुकानातून आणून दिलेला, एकच कंपनी, एकच नंबर. पिंकीला यादीत एक प्रिंटर दिसला, तिने आपला समजून छापायला दिलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"चोराने तीन कागद नेले असते तर तीन बाजूंचे तीन फोटो नेले असते. एकाच फोटोचे तीन कागद कोण काढतं? ज्याला पहिला कागद मिळालेला नाही तो." त्या थांबल्या. "फोटो हाताने गेला नाही बाबाजी. भिंतीतून गेला."

बाबाजीचं तोंड उघडं होतं. तरी त्याने शेवटचा हात मारून पाहिला, की हे बोलायला ठीक आहे, पुरावा काय?

बाईंनी पिंकीला कंप्युटरवर बसवलं आणि सांगितलं, की एक ओळ लिही, छापू. दीनानाथला नळावर उभं केलं, काळुरामच्या दाराकडे तोंड करून. काय लिहायचं, असं पिंकीने विचारलं. सगळ्यांनी बाबाजीकडे पाहिलं. अकरा वर्षं ज्याला हाक मारली नाही त्याला काय लिहायचं, ते त्याला सुचेना.

गिरजाबाई पुढे आली. "सरक रे. तू लिव गो पिंकी. काळू, चहा निवतोय. काकी."

पिंकीने लिहिलं. बटण दाबलं.

भिंतीपलीकडे काहीतरी खोकलं. घर्र, घर्र, मग कागद सरकल्याचा आवाज. एका विटेची भिंत ती, वीस माणसांनी श्वास धरून ऐकलं. नळावरून दीनानाथ ओरडला की आला, कागद आला, शेठने उचलला.

७

काळुराम दारात आला तेव्हा त्याच्या हातात तो कागद होता आणि त्यावर आडवी निळी रेघ होती. त्याच्या प्रिंटरची ती खोड जुनी, त्याच्या सगळ्या बिलांवर असते. आत यावं की नाही ते त्याला समजेना. म्हातारी म्हणाली, उंबऱ्यावर उभा राहू नको, कपबशी धर.

बाई बाबाजीला म्हणाल्या, की वीस माणसांदेखत कागद टाकलात, आता वीस माणसांदेखत उचला. तो कागद अजून पिंकीच्या खुर्चीजवळ पडला होता. बाबाजी वाकला, तो उचलला, पुसला आणि तिच्या हातात दिला.

"चुकलो पोरी," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण मोठ्याने म्हणाला. मोठ्याने चूक कबूल करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत, म्हणून हे लिहून ठेवतो.

पिंकी म्हणाली, "काका, मोबाइलचा डबा पण काढा आता. कायपण उपयोग नाय त्याचा." सगळे हसले, तो पण.

राहिला काळुराम. बाबाजीने विचारलं, माझी मूर्ती तू भिंतीवर का लावलीस? काळुरामने चहाचा घोट घेतला. म्हणाला, रविवारी प्रिंटर आपोआप चालू झाला, एक कागद, दुसरा, तिसरा. त्याला वाटलं बाबाजी मुद्दाम पाठवतोय, बघ, तुला हे जमणार नाय. आधी फाडणार होता.

"मग?"

"मग डोळे बघितले. काकीचे डोळे. रंगवताना समोर असावेत म्हणून लावला."

बाबाजीने कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाला, प्लास्टरवर तसे डोळे बसत नाहीत. काळुराम म्हणाला, बसतात, बघायला ये. भांडण परत सुरू झालं, पण आता ते बोलत होते.

शिवाने बाबाजीच्या डब्याचं नाव बदललं. काय ठेवू विचारल्यावर बाबाजीने आईचं नाव दिलं. पासवर्ड काय, ते सांगणार नाही. उरलेल्या कारखान्यांची नावं बदलत फिरायचं म्हणून शिवा कुरकुरत गेला. हर्षदने कंप्युटर गिरजाबाई नावाच्या डब्याला जोडला, आणि या वेळी एसटी नसतानाही पाच मिनिटं थांबून चालतंय ते बघितलं.

प्रदर्शनाला दुसरी मूर्ती जोडीला न्यायची होती, ती बिनडोळ्यांची राहिली होती. गिरजाबाईने ब्रश काळ्या रंगात बुडवला, टोक बोटांनी ओढून बारीक केलं आणि पिंकीपुढे धरला. बाबाजी बाजूला सरकला. काळुरामने कपबशी खाली ठेवली. पंखा बंद केला. पिंकीने डावा डोळा काढला, मग उजवा, आणि तेवढा वेळ वीस माणसं मुंग्यांसारखी गप्प होती.

आपला प्रिंटर अजून जोडायचा होता, म्हणून फोटो पेन ड्राइव्हवर नेऊन त्याचा कागद काळुरामकडून काढून आणला, निळ्या रेघेसकट. म्हातारीने तो उलटा धरला. लांब नेला, जवळ आणला, एक डोळा मिटून पाहिला. मालतीबाईंनी शेवटचा पापड तोंडात न घालता तसाच धरून ठेवला होता.

गिरजाबाईने कागद सुलटा केला.

"दीनानाथ," ती म्हणाली, "खिळा आण. हा आपल्या भिंतीला."